गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर: आठवड्यातून तीनदा खरंच जावं लागतं का?

सावदेकर_केळीवाला

राम राम मंडळी. जरा सल्ला पाहिजे होता, कोणी स्वतः घेतलं असेल तर सांगा, ऐकीव नको.

माझी माय ६४ वर्षांची, दोन्ही गुडघे कैक वर्षांपासून दुखताय, उजवा जास्त. एक्स-रेमधे झीज दिसतेय, मधली आहे म्हणे, ऑपरेशनची आत्ताच घाई नको असं हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या चालू होत्या पण मायला बीपी आहे आणि मागच्या रिपोर्टला क्रिएटिनीन थोडं वर आलं, तर फिजिशियन म्हणाले ही रोजची पेनकिलर आता बंद, किडनी सांभाळा. झालं, गोळी बंद केली तर रात्रभर कण्हते, सकाळी खाटेवरून उठली की भिंत धरून उभी राहते थोडा वेळ तेव्हा कुठे पाऊल पडतं. आणि ऐकत पण नाही, ओटा बांधून दिला तरी खाली बसूनच भाकरी थापणार, काय बोलावं.

मावशी म्हणते बिब्बा घाला. मागे एकदा शेजारच्या आजीबाईंना बिब्बा उतून केवढी जखम झालती ते मी पाहिलंय त्यामुळे तो विषय बंद. आतेभाऊ जळगावला असतो, त्याने एका अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले आठवड्यातून तीन सिटिंग, असं दीड-दोन महिने, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक चालूच ठेवायची कायम. आता सावद्याहून जळगाव म्हणजे भुसावळ करून जायचं, मायला घेऊन अख्खा दिवस जातो, आणि इकडे माल कटाईला आलाय, व्यापाऱ्याचा फोन आला की गाडी भरायला पळायचं. म्हणून विचारतो, इतक्या वेळा जाण्याचा खरंच फायदा असतो का? आठवड्यातून एकदा गेलं तर चालत नाही का? आणि ते कायमचं म्हणजे काय, जन्मभर सुया टोचून घ्यायच्या का?

भुसावळ_लोको_निवृत्त

भाऊ मी घेतलंय, गुडघ्याला नाही, कंबरेला. सगळी नोकरी इंजिनवर गेली, कंबरेतून डाव्या पायात अशी कळ जायची की घाटात गाडी असताना उभं राहून चालवायचो. रिटायर झाल्यावर पोरीच्या आग्रहाने गेलो. आधी अनुभव सांगतो मग तुमच्या प्रश्नाचं.

सुई इंजेक्शनसारखी नसते, आतून पोकळ नसते, पाव मिलिमीटर जाडीची बारीक तार म्हणा. टोचताना मुंगी चावल्याइतकं पण कधी कधी नाही कळत. मात्र ती आत गेल्यावर डॉक्टर बोटाने फिरवतात तेव्हा आतून जड-जड वाटतं, झिणझिण्या खाली पोटरीकडे जातात, ते झालं की डॉक्टर म्हणायचे हां आता बरोबर बसली. मग सुयांना छोटे चिमटे लावून करंट देतात, बॅटरीवरचं मशीन असतं, बटण हळूहळू वाढवत नेतात आणि आपण बस म्हणायचं. पोटरीचा स्नायू आपोआप टकटक उडायला लागतो, पहिल्यांदा मी घाबरलोच, नंतर पडल्या पडल्या झोप लागायची. वीस-पंचवीस मिनिटं. काढताना काहीच कळत नाही, एखाद्या जागी रक्ताचा ठिपका येतो, कापूस दाबला की झालं.

आता तुमचा मुद्दा. पहिल्या सिटिंगनंतर मला संध्याकाळपर्यंत बरं वाटलं आणि सकाळी परत जैसे थे. मी म्हटलं गेले पैसे. डॉक्टर म्हणाले काका दुखणं कमी झालं का यापेक्षा आराम किती वेळ टिकला ते बघा. तर दुसऱ्या आठवड्यात तो आराम दुसऱ्या दिवसापर्यंत पुरायला लागला, मग दोन-तीन दिवस, मग त्यांनी स्वतःच आठवड्यावर आणलं. सुरुवातीला आठ-आठ दिवसांनी गेलो असतो तर दर वेळी शून्यापासूनच सुरू झालं असतं असं मला तरी वाटतं. आता कधीतरी लांबचा प्रवास झाला, कंबर धरली, की जाऊन येतो. कायमचं वगैरे काही नाही माझं.

एक सांगून ठेवतो, उपाशीपोटी नेऊ नका. आमच्यासमोर एक ताई एकादशीचा उपास धरून आल्या होत्या, बाहेर मे महिन्याचं भुसावळचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, सुया लावल्या आणि त्यांना गरगरलं, घाम फुटला, पटापट सुया काढून पाय वर करून झोपवलं. थोडं खाऊन, पाणी पिऊन न्या.

धुळ्याचा_खवट

काकांचा अनुभव काकांपाशी, पण प्रश्न विचारलाय तर दुसरी बाजू पण ऐका.

जर्मनीत फार मोठा प्रयोग झाला होता कंबरदुखीवर, निकाल २००७ ला छापून आला, ११६२ पेशंट. एका गटाला शास्त्रोक्त अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषध, व्यायाम वगैरे. सहा महिन्यांनी खऱ्यावाल्यांत ४७.६ टक्के लोकांना फरक, खोट्यावाल्यांत ४४.२ टक्के. म्हणजे मेरिडियन, ची, यिन यांग, शरीरात ऊर्जा वाहते वगैरे चिनी कल्पना सगळ्या गेल्या तेल लावत, कुठेही टोचा तेवढाच फरक! मग शास्त्र कसलं ते? आणि इंग्लंडची जी सरकारी संस्था आहे नाइस, तिने २०२२ च्या गाइडलाइनमधे संधिवाताच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. गुडघा त्यातच आला.

आठवड्यातून तीनदा कशाला बोलावतात सांगू? गल्ला. आमच्या पाहुण्यांना एका ठिकाणी शुगर जाईल, थायरॉईड जाईल, चष्मा जाईल सांगून मोठं पॅकेज चिकटवलं, पैसे आधी भरून घेतले. शुगर आहे तिथेच आहे, पैसे तेवढे गेले. चिनी थेरं सगळी.

अमळनेरना_आप्पा

भाऊसहो, आमना गावमा पहिले तुंबडी लावनारी बाई येये. कंबर दुखनी का तुंबडी, गुडघा दुखना का बिब्बा. आते बठ्ठा डाक्टर व्हई ग्यात. माले ते सुईनी भलती भीती वाटस, पन वाचतस मी तुमनं, चालू द्या.

फिजिओताई_जळगाव

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अ‍ॅक्युपंक्चर करत नाही, म्हणजे यात माझा गल्ला नाही हे आधीच सांगते, खवट दादांना शंका नको :) पण गुडघ्याचे पेशंट रोज बघते आणि त्यातले बरेच सुया घेऊन आलेले किंवा घेणारे असतात म्हणून लिहितेय. लांबलचक होईल.

खवट दादांनी जर्मनीचा आकडा बरोबर दिला पण तिसरा आकडा खाल्ला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फरक पडला फक्त २७.४ टक्क्यांना. म्हणजे खऱ्या सुया असोत की खोट्या, दोन्ही गट औषध-व्यायामवाल्यांच्या बरेच पुढे होते. यातून नेमका पॉइंटच हवा हा दावा ढिला पडतो हे मी मान्य करते, पण पेशंटला काही फायदा होत नाही असा अर्थ त्यातून निघत नाही. जर्मनीने तर त्यानंतर २००७ पासूनच जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी सरकारी विम्यातून अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायला सुरुवात केली. नाइसचं पण खरंय, ते नाही म्हणतात. आणि अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मधे गुडघ्यासाठी करून बघायला हरकत नाही अशा स्वरूपाची सशर्त शिफारस केलीय. तेच पुरावे बघून दोन शहाण्या माणसांचं दोन ठिकाणी दोन मत आहे, कारण खऱ्या आणि खोट्या सुयांमधला फरक लहान आहे आणि काहीच न करणं आणि सुया यातला फरक मोठा आहे. तुम्ही कशाशी तुलना करता त्यावर उत्तर बदलतं.

आता दादांचा मूळ प्रश्न, तीनदा का. बीजिंगमधे गुडघ्याच्या झिजेवर एक प्रयोग झाला, २०२१ ला छापलाय, ४८० पेशंट, आठवड्यातून तीनदा असं आठ आठवडे, म्हणजे २४ सिटिंग. आठ आठवड्यांनी दुखणं आणि हालचाल दोन्हीत चांगला फरक पडलेले लोक किती? करंटवाल्या सुयांच्या गटात ६०.३ टक्के, साध्या सुयांच्या ५८.६, खोट्या सुयांच्या ४७.३. आणि मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो पुढचा, सिटिंग बंद केल्यावरही त्यांनी पेशंटवर लक्ष ठेवलं आणि साधारण चार महिन्यांनी म्हणजे २६ व्या आठवड्यात सुद्धा खऱ्या सुयांचे दोन्ही गट पुढेच होते. त्याच लोकांनी आधी एक छोटा प्रयोग केला होता आठवड्यातून एकदा विरुद्ध तीनदा, त्यातही तीनदावाले सरस निघाले, पण तो छोटा होता त्यामुळे त्यावर फार उड्या मारू नये.

असं का होत असेल? सुई टोचली की त्या जागी अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते दुखण्याचा संदेश दाबतं, हे उंदरांवर २०१० मधे दाखवलंय. शिवाय मेंदू आणि मणक्यात शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटतात, एंडॉर्फिन वगैरे. हे सगळं काही तासांत ओसरतं, म्हणून एकाच सिटिंगचा परिणाम रात्रीत गेला असं काका म्हणताय ते अगदी नेहमीचं आहे. लागोपाठ दिल्यावर परिणाम साचत जातो असं दिसतं. तुम्ही केळीवाले आहात, ठिबकचं गणित मी तुम्हाला काय सांगायचं, महिन्यातून एकदा पाट फोडून भागत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, साचत जातो म्हणजे कायम चालू ठेवायचं असं नाही. ३९ प्रयोगांतल्या २०,८२७ पेशंटची माहिती एकत्र करून २०१८ मधे जे विश्लेषण आलं त्यात कोर्स संपल्यावर वर्षभराने फायदा साधारण १५ टक्केच घटलेला होता. मग दर महिन्याला जन्मभर कशासाठी? परत दुखायला लागलं तर परत चार-सहा सिटिंग घ्या, न दुखता नुसतं कॅलेंडर बघून जायची गरज मला तरी दिसत नाही.

अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा नियम मला आवडतो. तो कंबरदुखीपुरता आहे, २०२० पासून, पण हिशोब कुठेही लावता येतो. ९० दिवसांत १२ सिटिंग, फरक पडत असेल तर आणखी ८, वर्षाला २० च्या वर नाही, आणि फरक पडत नसेल तर बंद. हे शेवटचं वाक्य आपल्याकडे कोणी सांगत नाही. तुमच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, कितव्या सिटिंगला आपण ठरवणार की हे चालत नाहीये? उत्तर सरळ आलं तर माणूस बरा.

धुळ्याचा_खवट

ताई २७.४ चा आकडा मी खाल्ला नाही, तो माझ्या मुद्द्याला लागत नव्हता. 😄 माझं म्हणणं एवढंच की तुमच्या बीजिंगमधे ४७ टक्के लोकांना खोट्या सुयांनी बरं वाटतं तर त्यात मोठा वाटा लक्ष देणाऱ्या माणसाचा, अर्धा तास शांत पडून राहण्याचा, आणि पैसे भरलेत तर बरं वाटलंच पाहिजे याचा आहे. तुमच्या आकड्यांत खरी-खोटीमधला फरक ११-१३ टक्के. त्यासाठी सावदा-जळगाव?

फिजिओताई_जळगाव

त्या मायला किडनीमुळे गोळी घेता येत नाहीये दादा. तिच्यासाठी पर्याय काय काय उरतात ते मोजा. व्यायाम, वजन, काठी, लावायचं जेल, आणि हे. ११-१३ टक्के जास्तीचे आणि बाकी लक्ष देणाऱ्या माणसाचे, तिला दोन्ही मिळून मिळतं. रात्री झोप लागली तर ती कशाने लागली याचा हिशोब ती मागणार नाही.

शहाद्याची_बाई

मी शिक्षिका आहे, मायग्रेनसाठी घेतलं होतं, नाशिकला माहेरी राहून. गुडघ्याचं मला काही कळत नाही पण नियमितपणाबद्दल लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात डोकं उठलं की उठलं, वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अक्षरांच्या कडा चमकायला लागायच्या की मी समजायचे आता तासाभरात उलटी. मला डॉक्टरांनी आधी एक वही करायला लावली. तारीख, किती वाजता सुरू झालं, कुठली गोळी, किती तास. सुट्टीत आठवड्यातून दोनदा असं सलग घेतलं. सुरुवातीला तर डोकं दुखणं तसंच होतं, मला वाटायचं सोडावं, पण वहीत बघितलं तर दिवस तेवढेच असले तरी गोळ्या कमी लागत होत्या, हे मला वहीशिवाय कळलंच नसतं. मग हळूहळू दिवस पण कमी झाले. शाळा सुरू झाल्यावर जाणं बंद, तरी ते वर्ष मला चांगलं गेलं. आता दिवाळीच्या सुट्टीत थोड्या घेते, मे महिन्यात थोड्या. बारा महिने नाही.

माझं सांगणं, मायसाठी वही करा. रात्री किती वेळा जाग आली, सकाळी किती वेळ भिंत धरावी लागली, देवळापर्यंत चालत गेली का. नुसतं "कसं वाटतंय" विचारलं तर म्हातारी माणसं पोरगा एवढा खर्च करतोय म्हणून बरं आहे बाबा म्हणतात.

फिजिओताई_जळगाव

ताईंचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. मायग्रेनसाठी पुरावा गुडघ्यापेक्षा जरा बरा आहे. कॉक्रेन म्हणजे जगभरचे प्रयोग एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१६ च्या आढाव्यात २२ प्रयोग, ४९८५ लोक होते, निदान सहा सिटिंग तरी घेतलेले. अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांची डोकेदुखी निम्म्यावर आली, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर १७ टक्क्यांची.

धुळ्याचा_खवट

आणि त्याच आढाव्यात खोट्या सुयांशी तुलना ५० विरुद्ध ४१ आहे, ते मी लिहितो, तुम्ही खाल्लं. 😄 फिट्टमफाट. बाकी वहीचा सल्ला मला पण पटला, त्यात श्रद्धेचं काम नाही.

चाळीसगाव_कट्टा

मधेच विचारतो, मला काही दुखत नाही, पण ऑफिसात एकजण दर आठवड्याला जातो, म्हणतो इम्युनिटी वाढते, झोप छान लागते, स्ट्रेस जातो, शरीर सर्व्हिसिंग केल्यासारखं राहतं. असं नुसतं तब्येतीसाठी रेग्युलर घ्यावं का?

फिजिओताई_जळगाव

झोप लागत असेल, अर्धा तास मोबाइल लांब ठेवून अंधाऱ्या खोलीत पडलं तर कोणालाही लागेल. इम्युनिटी वगैरेसाठी निरोगी माणसाने दर आठवड्याला सुया घ्याव्यात असं म्हणण्यासारखं भक्कम काही माझ्या वाचनात नाही. तेवढ्या वेळात मेहरूणच्या तलावाला एक चक्कर मारा म्हटलं असतं पण तुम्ही चाळीसगावचे.

भुसावळ_लोको_निवृत्त

खवट साहेब, चिनी थेरं म्हणालात म्हणून एक सांगतो. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले, तिथेच १९४२ ला वारले, हे शाळेत शिकलोय सगळे. त्यांच्या पथकात पाच डॉक्टर होते, त्यातले कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू नंतर चीनमधे अ‍ॅक्युपंक्चर शिकून १९५९ च्या सुमारास परत आले आणि आपल्या देशात ते त्यांनी सुरू केलं. म्हणजे इथे आणणारा माणूस एमबीबीएसवाला होता, बुवा-बाबा नव्हता.

धुळ्याचा_खवट

कोटणीसांना दंडवत. बसूंचं माहीत नव्हतं. पण एमबीबीएसवाल्याने आणलं म्हणून शुगर जात नाही काका.

सावदेकर_केळीवाला

एवढं लिहिलं सगळ्यांनी, आभारी आहे. खवट भाऊंचं पण, मला उलट त्यांच्यामुळे ते पॅकेजचं लक्षात आलं, तिथे पण सगळे पैसे एकदम भरले तर सूट असं बोर्डवर होतं. भरणार नाही आता.

घरात बोललो. मायला आधी वाटलं पोटात सुया खुपसताय, आतेभावाने मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा म्हणाली अगं बाई एवढीशीच, ही तर गोधडीच्या सुईपेक्षा बारीक. आता तिचे प्रश्न सुरू झाले. एक, ती नऊवारी नेसते आणि डॉक्टर पुरुष आहे. दोन, तिला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, छोटी पांढरी, बीपीवाल्यांनी दिलेली, चालेल का. तीन, शुगर बॉर्डरवर आहे. आणि माझा प्रश्न, तो डॉक्टर खरा की खोटा हे कसं ओळखायचं, भिंतीवर सर्टिफिकेटं तर दहा आहेत.

फिजिओताई_जळगाव

दादा एकेक करून.

नऊवारी: गुडघ्यासाठीच्या बहुतेक जागा वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत, वाटीच्या थोड्या वर आणि खाली पोटरीच्या बाहेरच्या अंगाला चार बोटांवर असतात. म्हणजे कासोटा सैल करून गुडघ्याच्या वीतभर वरपर्यंत घेतला तरी पुष्कळ आहे. सोबत घरातली बाई जाऊ द्या आणि पाय सोडून वर चादर मागा, कुठलाही भला डॉक्टर देतो. देत नसेल तर उठून या.

गोळी: नाव लिहून न्या आणि पहिल्या सिटिंगच्या आधी दाखवा, फिजिशियनना पण विचारा. लहान डोसची अ‍ॅस्पिरिन असेल तर सहसा नुसते निळे डाग पडतात, दाबून धरावं लागतं. पण वॉर्फरिनसारखी रक्त जास्त पातळ करणारी असेल तर विषय वेगळा, त्यांना न विचारता सुई नाही. स्वतःच्या मनाने गोळी बंद करून मात्र जाऊ नका, हे मी दोनदा लिहिते, बंद करू नका. पेसमेकर असला तर करंटवालं अजिबात नको, तो नाहीये ना मायला?

शुगर: बॉर्डरवर असेल तर अडत नाही, पण पायाला बधिरपणा किंवा जखम असली तर सांगायचं आणि त्या जागी सुई नको.

त्रास किती होतो म्हणाल तर जर्मनीतच २ लाख २९ हजारांवर पेशंट मोजले होते, २००९ ला छापलंय. ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक रक्ताचा ठिपका, निळा डाग, सुई दुखणं एवढंच. सुई लागून फुप्फुसात हवा भरल्याच्या घटना त्यात दोनच होत्या, आणि ती भीती छाती-पाठीला टोचताना असते, गुडघ्याला नाही. पण ते सगळे शिकलेले डॉक्टर होते हे विसरू नका, म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे, नोंदणी तिथे होते. भिंतीवरची दहा सर्टिफिकेटं सोडा, परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. दुसरं, सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली सुई त्या जाड डब्यात गेली पाहिजे. धुऊन परत, उकळून परत, "तुमच्या नावाची डबी ठेवलीय" असलं काही चालणार नाही.

आणि आता माझं काम. नुसत्या सुयांवर राहिलात तर मी भांडेन. दुखणं जेव्हा कमी असतं, म्हणजे सिटिंगनंतरचे ते बरे दिवस, तेव्हाच मांडीचा स्नायू मजबूत करून घ्यायचा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून पाय सरळ करत ती दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायची. दोन्ही पायांना सकाळ-संध्याकाळ, सुरुवातीला दहा-दहा वेळा. मग उंच खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, जमेल तेवढंच. भाकऱ्या खाली बसून थापणं बंद म्हणजे बंद, ओट्याशी उंच स्टूल ठेवा. आणि गुडघा एकदम सुजला, लाल-गरम झाला, ताप आला किंवा अडकून बसला तर सुया नाही, सरळ हाडाच्या डॉक्टरांकडे.

अंतराचं म्हणाल तर तीनदा जमत नसेल तर दोनदा करा, पण पहिले चार आठवडे खाडा नको. आठवड्यातून एक करून सहा महिने ओढण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. चार आठवड्यांनी शहाद्याच्या ताईंची वही उघडा. काहीच हललं नसेल तर डॉक्टरांना नमस्कार करा आणि घरी या.

अमळनेरना_आप्पा

ह्या ताईना पत्ता द्या रे कोनी, सुई परवडनी पन ह्या टॉवेलना व्यायाम मी करसू.

भुसावळ_लोको_निवृत्त

सावदेकर, माल कटाईच्या दिवसात तुम्हाला जमत नसेल तर मायला आतेभावाकडे जळगावलाच ठेवा की पहिला महिना. रोजचं एसटीत चढणं-उतरणं, ती उंच पायरी, त्यानेच गुडघा परत धरतो. मी कंबरेच्या वेळी पोरीकडे राहिलो होतो.

सावदेकर_केळीवाला

हे मस्त सुचवलं काका. मायला विचारलं, म्हणाली भाच्याकडे राहीन पण त्याच्या बायकोच्या हातच्या भाकरी मला चालत नाही. 😄 समजावतो. पेसमेकर नाही ताई. गोळी अ‍ॅस्पिरिनच निघाली, पाकिटावर बघितलं, फिजिशियनना फोन केला, चालेल म्हणाले, डाग पडला तर घाबरू नका म्हणाले. नोंदणी क्रमांक विचारला तर त्या डॉक्टरांनी लगेच दिला, वर म्हणाले पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. सहाव्या सिटिंगला बघू आणि बाराव्याला ठरवू असंही स्वतःहून कबूल केलं, आणि पैसे दर वेळचे दर वेळी.

सोमवारी पहिली आहे. मायचा आता एकच प्रश्न उरलाय, सुया लावलेल्या असताना चहा चालतो का?

फिजिओताई_जळगाव

चहा आधी, सोबत काहीतरी खाऊन. सुया असताना पाय हलवायचा नाही, बाकी गप्पा मारल्या तर चालतं.